पहिल्या स्क्रीनवरचं नाव

मार्च आला की मला अजूनही कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं. तळमजल्याच्या गॅलरीत उभं राहून, वर तोंड करून मारलेली हाक. "संध्या, अगं फोन." आता त्या नावाने मला हाक मारणारी माणसं फार उरली नाहीत आणि जिने उतरून घ्यायचा फोनही राहिला नाही. पण दुपारचा पंखा पाचावर करावासा वाटला, भाजीवालीच्या टोपलीत पहिल्या कैऱ्या दिसल्या, की माझे कान खालच्या मजल्याकडे लागतात. लोकांचे ऋतू सहा. माझा एक सातवा आहे, मार्च एंडिंग.

या मार्चमध्ये मी कोलशेतला मुलीकडे गेलेले. सई माझी मुलगी, तीही सॉफ्टवेअरमध्येच. पूर्वी जिथे कारखाने होते तिथे आता टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या एकात ती राहते. गॅलरीतून खाडी दिसते, ओहोटीला वासही येतो, पण त्याबद्दल तिच्यासमोर बोलायचं नाही. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कसलंसं शिबिर ऐकत होती. ते संपल्यावर मला म्हणाली, "आई, तू इतकी वर्षं प्रोग्रामिंग केलंस, पर्सनल ब्रँड का नाही बिल्ड केलास गं?"

"ते कसं करतात?"

"म्हणजे काम बघितलं की तुझं नाव आठवलं पाहिजे आणि नाव ऐकलं की काम. सिंपल आहे."

"आणि नाव बदललं तर?"

"नाव कशाला बदलेल कोणी?" ती म्हणाली आणि परत स्क्रीनमध्ये शिरली. मी शेंगा सोलत होते, त्या सोलत राहिले.

नव्वदच्या आगेमागे डोंबिवलीत स्टेशनजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढून आत जायचं. कारण धुळीचं, पण आम्ही आपले देवळात गेल्यासारखे दबकून जायचो. दसऱ्याला सर मॉनिटरला झेंडूचा हार घालायचे, कीबोर्डला हळदकुंकू लावायचे. एका वर्षी कुंकू एन्टरच्या फटीत गेलं आणि ते बटण पार दिवाळीपर्यंत रुसून बसलं. त्या क्लासमध्ये मी प्रोग्रामिंग शिकले, आणि माझ्याच बॅचला मंदार भट होता. डोक्याने मी त्याच्यापेक्षा वरचढ. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

क्लास झाल्यावर आम्ही दोघंही, वेगवेगळे, बाजारातल्या लोकांसाठी प्रोग्राम लिहायला लागलो. हिशेबाचे, मालाच्या साठ्याचे, पगाराचे. फ्लॉपी वाकू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, रुमालात गुंडाळून न्यायची. मी ती डब्याच्या पिशवीत ठेवायचे, पोळीभाजीच्या वर. कोणत्याही दुकानात जाऊन मशीन सुरू केलं की आधी पहिला स्क्रीन यायचा, आणि त्या स्क्रीनवर प्रोग्राम लिहिणाऱ्याने आपलं नाव टाकायची पद्धत होती. आमची पाटी म्हणा, जाहिरात म्हणा, जे काही होतं ते तेवढंच. एका दुकानदाराने दुसऱ्या दुकानदाराच्या मशीनवर नाव वाचायचं, खालचा फोन नंबर बघायचा आणि आपल्याला बोलावून घ्यायचं.

मंदारच्या पहिल्या स्क्रीनवर फुल्याफुल्यांची चौकट, चौकटीत फुल्यांनीच काढलेलं हे एवढं मोठं नाव, ते सारखं लुकलुकायचं, वर मशीनच्या पोटातल्या टिचभर स्पीकरवर आरतीची चाल वाजायची. ती संपेपर्यंत पुढे जाताच यायचं नाही. दुकानदार हात जोडायचे. खोटं सांगत नाही, मी पाहिलंय.

माझ्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात 'संध्या मुळ्ये' आणि फोन नंबर. नंबरापुढे पीपी. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, माणूस बोलावून घेतील. शेजारी म्हणजे आमच्या खालच्या दामलेकाकू. आमच्या इमारतीत फोन तेवढा एकच, क्रोशाच्या विणलेल्या झाकणाखाली ठेवलेला. काकू माझे फोन घ्यायच्या, मला हाक मारायच्या आणि मी जिना उतरून येईपर्यंत समोरच्या माणसाशी गप्पा मारून त्याची सगळी कुंडली काढून ठेवायच्या. "औषधवाल्यांचा आहे गं. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं झालं म्हणे नीट." मार्चमध्ये तर त्या स्वयंपाक लवकर आवरून फोनपाशीच निवडायला बसायच्या. "तुझा सीझन आला," म्हणायच्या. आईला त्यांनी सांगितलेलं, तुमची मुलगी मोठी होणार, फोनवर माणसं तिला मॅडम म्हणतात.

मार्चमध्ये वर्ष बंद करायच्या कामाला मशीनला फार वेळ लागायचा. जुनं वर्ष मिटवायचं, शिल्लक पुढे न्यायची, बराच वेळ स्क्रीनवर काही हलायचंच नाही. दुकानदार घाबरायचे. मशीन मेलं असं समजून सरळ प्लगच उपटायचे, आणि मग माझं काम दुप्पट. मानपाडा रोडवर हार्डवेअरचं दुकान असलेल्या नानजीशेठनी एकाच दुपारी पुन्हा पुन्हा प्लग काढला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी तिथेच बसून प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. काम सुरू झालं की स्क्रीनवर यायचं, काम चालू आहे, हात लावू नका. आणि संपलं की, झालं, आता चहा घ्या. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, कारण मशीनला दुसरी अक्षरं येत नव्हती. आमच्या घरात कुठलंही काम उरकलं की मी हेच म्हणायचे, पापड लाटून झाले तरी. त्यामुळे ते सुचायला काही डोकं लागलं नाही.

पण काय जादू झाली देव जाणे. नानजीशेठ त्या ओळीची वाट बघत बसायला लागले. मशीनने चहा घ्या म्हटलं की खरंच चहा सांगायचे, अख्ख्या दुकानाला. औषधवाल्यांनी मुद्दाम बोलावून त्यांच्या प्रोग्राममध्ये ती ओळ घालून घेतली. मी तेव्हा गंमत म्हणून घालून दिली. ब्रँड वगैरे शब्द आमच्याकडे चहाच्या पुडीला आणि पंख्याला लागायचे, माणसाला नाही.

मंदारला मात्र ते उपजतच कळत होतं. डोंबिवलीच्या उकाड्यात तो टाय लावून फिरायचा. त्याने व्हिजिटिंग कार्डं छापली. त्याचं काम असलेल्या प्रत्येक मशीनवर सोनेरी स्टिकर, त्यावर त्याचं नाव. व्याख्यानमालेत 'संगणक : शाप की वरदान' यावर तो बोलला आणि दुसऱ्या दिवशी फडके रोडवर कोणीही भेटलं की, "काय तो मुलगा बोलला हो." मीही गेलेले ऐकायला, मागच्या रांगेत बसून. दोन गोष्टी त्याने चक्क चुकीच्या सांगितल्या. कोणाला कळल्या नाहीत, टाळ्या पडल्या. घरी आल्यावर माझं पोट दुखायला लागलं, खरोखरचं, आणि आईने ओवा दिला. ओव्याने काय होणार होतं? त्याच्या सोसायटीच्या गेटवर त्याच्या नावाचा बोर्ड लागला तेव्हा मी स्टेशनला जायचा रस्ता बदलला. लांब पडायचा. पण तो बोर्ड बघून दिवस खराब करण्यापेक्षा चालणं परवडलं.

मत्सर वाईट असतो असं सगळे म्हणतात. असेल. पण मला त्याने कामाला जुंपलं. तो एक प्रोग्राम करतो तर मी दोन करीन, त्याच्यात चूक निघते तर माझ्यात काढून दाखवा. लग्नाआधीच्या शेवटच्या मार्चला माझं नाव डोंबिवलीच्या पूर्वेला बऱ्याच मशीनवर होतं, आणि ठाण्याहून कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यातून विचारणा आली होती. त्यांच्या साहेबांनी नानजीशेठकडे माझा प्रोग्राम पाहिलेला. अख्ख्या कारखान्याचं काम, साठ्यापासून पगारापर्यंत. "आता आमचं बजेट संपलंय, पुढच्या मार्चच्या आधी फोन करतो," म्हणालेले. ते एक काम झालं असतं तर मंदारचा तो बोर्ड मी रोज मान वर करून वाचला असता.

त्याच मार्चमध्ये माझं लग्न ठरलेलं. मार्च एंडिंग संपल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही असं घरात सांगून टाकलं होतं, म्हणून मुहूर्त मे महिन्यातला. मुलगा कल्याणचा, रामबागेतला, श्रीकांत. एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत होता, अबोल, भला माणूस. आजही आहे. आडनाव सहस्रबुद्धे. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मनात काय आलं सांगू? हे इंग्रजीत स्क्रीनच्या कोपऱ्यात मावणार नाही.

लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि श्रीकांतच्या हातात अंगठी दिली, नाव लिहायला. श्रीकांतला शोभेल असं श्रद्धा ठरवलंय म्हणाल्या. मी हळूच म्हटलं, "संध्याच राहू दे ना. माझं नाव बाजारात आहे." आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला आणि सगळा हॉल हसला. माझी आई कानाशी येऊन म्हणाली, असं बोलू नये. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं, त्याच्या आईकडे पाहिलं, आणि तांदळात श्रद्धा लिहिलं. सुंदर अक्षर आहे त्याचं. पुढे त्या तांदळाचा भात झाला असेल.

तसं माझं फार काही बिघडलं असं मला तेव्हा वाटलं नाही. सासरी फोन होता, सासऱ्यांना बऱ्याच वर्षांनी मिळालेला. तो नंबर मी दामलेकाकूंच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून आले. "कोणाचा फोन आला तर हा द्या, काकू." काकू रडत होत्या, मान हलवत होत्या. दुकानांत जाऊन पहिला स्क्रीन बदलायचा राहिला होता, पण मार्चमध्ये सगळीकडे जायचंच असतं, तेव्हा एका फेरीत होईल असं ठरवलं. नवा स्क्रीन लिहून तयार होता. श्रद्धा सहस्रबुद्धे पूर्ण मावत नव्हतं, म्हणून एस. सहस्रबुद्धे केलं. ते वाचून कोणालाही बाई नाही, कोणी बुवा वाटला असता.

आणि मार्च आला. रामबागेतल्या आंब्याला मोहोर आलेला, मागच्या वाडीत कोकीळ ओरडत होता, सासूबाई वाळवणं घालत होत्या आणि मी फोनपाशी. फोन वाजायचा. सासऱ्यांचे मित्र, नणंद, एकदा राँग नंबर. पहिला आठवडा मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या आठवड्यात रिसीव्हर उचलून बघायला लागले, टोन येतोय ना. सासूबाई म्हणाल्या, "माहेरची आठवण येते का गं?" मी हो म्हटलं. काय सांगणार त्यांना, की मला नानजीशेठची आठवण येतेय?

शेवटी मी डोंबिवलीला गेले, सरळ मानपाडा रोडला. नानजीशेठ मला बघून उठून उभे राहिले.

"अरे, संध्याबेन. बसा बसा. तुमचा तर लगीन झाला ना?"

"झालं की. म्हणून काय? मार्च आहे, फोन का नाही केलात?"

"केला ना. त्या बाई बोलल्या, तिचं लग्न झालं, कल्याणला दिली. मग आम्ही समजलो." ते हसले. मुलीचं लग्न झालं म्हणजे काय समजायचं असतं ते त्यांनी समजून घेतलेलं. "मग मंदारसाहेबांना बोलावला. चांगला माणूस आहे. आले, लगेच चालू करून दिला."

मशीन चालूच होतं. स्क्रीनवर माझी ओळ, काम चालू आहे, हात लावू नका. कुणी हात लावत नव्हतं. सगळे कसे आज्ञाधारकपणे बसलेले. मी काउंटरशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने ती दुसरी ओळ आली आणि नानजीशेठनी समोरच्या टपरीवाल्याला खूण केली. "मंदारसाहेबांचा हा भारी आहे बघा. मशीन बोलते, चहा घ्या." मला पण कप दिला. मग त्यांनी दाखवायचं म्हणून प्रोग्राम बंद करून परत सुरू केला. फुल्याफुल्यांची चौकट, लुकलुकणारं नाव, आरती. आत सगळं माझं, एकूण एक ओळ माझी. फक्त दारावरची पाटी त्याची. मी नानजीशेठना सांगितलं, हे मी लिहिलंय. ते म्हणाले, "हो ना, पहिला तुमचाच होता." पहिला. म्हणजे आता नव्हता.

तो चहा मी प्यायले. माझ्याच प्रोग्रामने सांगितलेला चहा, दुसऱ्याच्या नावावर. गोडमिट्ट होता, आणि घोटागणिक राग चढत होता. मंदारचा राग, नानजीशेठचा राग, पण सगळ्यात जास्त राग दामलेकाकूंचा. एवढा मोठा नंबर लिहून दिलेला कॅलेंडरवर. मी तरातरा निघाले ते टिळकनगरला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, भांडायलाच.

काकूंनी दार उघडलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माहेरवाशीण आली गं माझी." मला तोंड उघडूच दिलं नाही. पाटावर बसवलं. कुंकू लावलं, कपाटातून खण काढला, नारळ आणला, माझी ओटी भरली. कॅलेंडर भिंतीवर होतं, नव्या वर्षाचं. कोपऱ्यात माझा नंबर त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा उतरवून ठेवलेला.

"काकू, फोन आले का माझे?"

"आले तर. पुष्कळ आले," काकू म्हणाल्या, आणि अभिमानाने त्यांचा चेहरा फुलला. "एकालाही नंबर दिला नाही. सगळे पुरुष गं. नव्या नवरीच्या सासरी असे परक्या पुरुषांचे फोन जायला लागले तर काय म्हणतील तिकडची माणसं? मी सरळ सांगितलं, तिचं लग्न झालं, कल्याणला दिली. तो ठाण्याकडचा, कोलशेतचा साहेब तर सारखा करत होता. शेवटी म्हटलं, अहो, सांगितलं ना एकदा, लग्न झालं तिचं. मग नाही केला परत. सुखात आहेस ना?"

मांडीवर नारळ, पदरात तांदूळ. अशात भांडणार कसं? मी म्हटलं, "सुखात आहे, काकू." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरी येताना तो नारळ मला इतका जड झाला की वाटलं रिक्षातच ठेवून उतरावं.

कोलशेतचं काम मंदारला मिळालं. ते त्याला मोठं करून गेलं. ठाण्यात त्याचं ऑफिस झालं, काचेच्या दाराचं, दारावर तीच फुल्यांची चौकट, पितळेत. आणि माझी ती चहाची ओळ त्याने आपल्या सगळ्या प्रोग्राममध्ये घातली. मी दुसऱ्या वर्षी कल्याणात नव्याने सुरुवात केली. दूधनाक्यावर एक दुकान, मोहन्याला एक किराणावाला, एक पतपेढी. एस. सहस्रबुद्धे या नावाने. काम बरं चाललं, घर चाललं, उपाशी नाही राहिले. पण एकदा दूधनाक्यावरच्या त्या दुकानदाराने मला काय ऐकवावं? म्हणाला, "मॅडम, तुमचं काम ठीक आहे. पण डोंबिवलीला आमच्या भाच्याकडे कोणी संध्या म्हणून होती पूर्वी. तिचं काम म्हणजे काम. लग्न होऊन गेली बिचारी."

मी त्याला सांगायला हवं होतं, मीच ती. पण मला त्या क्षणी त्या पोरीचा असा काही हेवा वाटला की मी मान खाली घालून काम पुरं केलं. तिला कोणी 'ठीक आहे' म्हणत नव्हतं. तिचा फोन वाजायचा. पुढे कित्येक मार्च मी मंदारवर जळले ते जळलेच, पण अधूनमधून संध्या मुळ्येवरही जळले. मंदारचं लग्न त्याच सुमाराला झालं. बायकोचं नाव त्याने मंजिरी ठेवलं. त्याचं नाव जिथे होतं तिथेच होतं, कुठे जाणार?

तर परवाचं, सईकडचं. शेंगा सोलून झाल्या, मी टेबल पुसलं, आणि सई हातात फोन घेऊन हसत आली. "आई, पर्सनल ब्रँड म्हणजे काय ते बघ. डोंबिवलीकरांच्या ग्रुपवर एका माणसाने लिहिलंय. मस्त लिहितो. मंदार भट. म्हणतो, त्या काळात लोगो वगैरे नव्हते, पण माझे प्रोग्राम शेवटी म्हणायचे…" ती थांबली. परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं.

"झालं, आता चहा घ्या," ती म्हणाली. "आई, हे तर तू म्हणतेस."

मी फडकं खाली ठेवलं. सगळं सांगितलं, फ्लॉपीपासून नारळापर्यंत. सई पाय वर घेऊन ऐकत बसली, चहा गार झाला. शेवटी म्हणाली, "मी लिहिते खाली. कुठल्या नावाने लिहू?" आणि लगेच जीभ चावली. नाव कशाला बदलेल कोणी, हे मघाचं आपलंच वाक्य तिला आठवलं असावं.

"संध्या मुळ्ये," मी म्हटलं.

तिने लिहिलं, ही ओळ संध्या मुळ्ये यांची आहे. मला वाटलं, आता तरी त्याला घाम फुटेल. कसलं काय. थोड्याच वेळात मंदारचं उत्तर आलं. अगदी खरं आहे, ती ओळ संध्याचीच, आमच्या बॅचची सगळ्यात हुशार मुलगी, आज मी जो आहे त्यात तिचा वाटा आहे. एकही शब्द खोटा नाही. आणि त्याखाली माणसांची रीघ. काय हे मोठं मन सर. श्रेय देणारी माणसं आता कुठे राहिली. सर, तुम्हाला सलाम. माझी ओळ त्याने घेतली तेव्हा त्याचं नाव झालं आणि परत केली तेव्हा आणखी झालं. मला खरंच ओवा हवा होता. त्याने शेवटी विचारलेलं, संध्या हल्ली काय करते, कोणाला माहीत आहे का?

आणि सई "अगंबाई" म्हणाली. खाली उत्तर आलेलं होतं. दामलेकाकूंचं. आता ऐंशीच्या पुढे आहेत, नातवाने फोन दिलाय, सकाळी सगळ्या जगाला फुलं पाठवतात. त्यांनी लिहिलेलं, "तिचं लग्न झालं. कल्याणला दिली."

मी सईच्या हातून फोन घेतला. गॅलरीत गेले. खाली एका बाजूला जुन्या कारखान्याची एक भिंत अजून उभी आहे. तोच रंगाचा कारखाना की दुसरा, मला कसं कळणार, मी तिथवर कधी पोहोचलेच नाही. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, मी लिहिलं, "काकू, लग्न झालं. काम चालू आहे. संध्या."

बराच वेळ काही हललं नाही. सई पाठीमागे येऊन उभी राहिली. मग काकूंचं उत्तर आलं.

"बरं बाई. मग आता कोणाचा फोन आला तर काय सांगू?"